दवाखान्यातील माणसे नेमताना

फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण संपवून तुम्ही यवतमाळ किंवा वाशीमकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखाना टाकणार असाल, तर औषधांच्या यादीइतकाच विचार माणसांचाही करावा. सरपंचांच्या किंवा घरमालकांच्या शब्दावरून कुणाला कामावर घेऊ नये. गावात नाही म्हणणे जड जाते हे खरे, पण नंतर काढून टाकणे त्याहून जड जाते. परिचारिका म्हणून नेमताना एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी स्वतः पाहावी, आणि हाताखाली शिकलेल्या कंपाउंडरला, तो कितीही सफाईदार असला तरी, तुमच्या गैरहजेरीत सलाईन लावू देऊ नये.

नेमणूक लेखी द्यावी. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात डॉक्टरांचा दवाखानाही आस्थापनाच ठरतो, आणि किमान वेतन मावशींनाही लागू असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे तुमच्यावर बंधनकारक आहे. सुई टोचण्याचा धोका कचरा उचलणाऱ्या बाईंनाही असतो, आणि त्यांनाच सगळे विसरतात.

रजेचे नियोजन मात्र पुस्तकात सापडणार नाही. पोळ्याला आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी माणसे शेतात असतात, तेव्हा ती कामचुकार आहेत असे न समजता पाळ्या आधीच ठरवाव्यात. रुग्णाच्या आजाराची वाच्यता पारावर होणार नाही, ही अट मात्र पहिल्याच दिवशी, नावानिशी सही घेऊन सांगावी.