पालिकेने आज नोटीस चिकटवली तर उद्या घर पाडता येतं का? अपिलाला वेळ मिळतो का?

उद्या नाही पाडता येत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन) 'बुलडोझर' प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले. आधी १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, तीही रजिस्टर्ड पोस्टाने आणि शिवाय बांधकामावर चिकटवून. मग प्रत्यक्ष सुनावणी. पाडण्याचा आदेश निघाला तरी पुन्हा १५ दिवस थांबायचं, म्हणजे तुम्हाला अपिलात जाता येईल किंवा स्वतःहून बांधकाम काढता येईल.

मला त्यातली सगळ्यात हुशार तरतूद वाटते ती ईमेलची. नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायचं आणि तिथून पोच मिळवायची. मागची तारीख टाकून नोटीस "दिली होती" म्हणण्याचा जुना खेळ ओळखूनच हे केलंय. नियम मोडून घर पाडलं, तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून.

पण एक मोठी मेख आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगत किंवा नदी-तलावाच्या जागेवरचं अनधिकृत बांधकाम असेल, किंवा कोर्टानेच पाडायला सांगितलं असेल, तर हे संरक्षण लागू नाही. फुटपाथवर राहणाऱ्यांची बाजू १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात, मुंबईच्याच प्रकरणात, ऐकली गेली होती. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला, तरी जागा काही वाचल्या नाहीत.

तेव्हा नोटिशीचा तारखेसकट फोटो काढा, लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता वकील गाठा.