नावं नंतर, आधी वही

रात्री दिवा लावून पांढऱ्या पडद्यावर किंवा पेटीत येणारे पतंग, म्हणजे फुलपाखरांसारखे रात्रकिडे, बघायचे असतील तर पहिल्याच रात्री त्यांची नावं शोधत बसू नका. तारीख, वेळ, जागा, दिव्याचा प्रकार आणि पाऊस-वारा एवढं वहीत आलं की निम्मं काम झालं. काहीच आलं नाही तर ‘शून्य’ लिहा. अमावस्येची गर्दी पौर्णिमेच्या शून्याशेजारीच कळते.

फोटो एक वरून, एक बाजूने, शेजारी पट्टी ठेवून. कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉकमॉथ, हा मोठा जाडसर पतंग, लगेच ओळखू येतो. बारीक तपकिऱ्यांत मात्र भलेभले चकतात; तिथे जातीऐवजी कुळाच्या नावापर्यंत थांबलेलं बरं.

पावसाळ्यात दिव्यावर पेडेरस येतो: काळा-केशरी, जेमतेम मुंगीएवढा लांबुडका भुंगा. मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडलात तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा चट्टा उठतो. हात लगेच साबणाने धुवा, डोळ्यांना तर लावूच नका.

पहाटे पेटीत पतंगांना बसायला ठेवलेले अंड्यांचे रिकामे ट्रे हलक्या हाताने उचला आणि पतंग दाट झुडपात सोडा. उघड्या कठड्यावर सोडलेत तर कावळे आणि दयाळ टपलेलेच असतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पडदा लावायचा तर वनखात्याची परवानगी आधी. आणि सोसायटीच्या बागेत असाल तर वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोनला टॉर्च तोंडावर येतो.