धर्मादाय खाट केवळ पिवळ्या शिधापत्रिकेवरच मिळते का?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची बायपास शस्त्रक्रिया मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयात ठरली आहे. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २ लाख ४० हजार रुपये आहे. धर्मादाय खाटेविषयी विचारले असता, ‘ती पिवळ्या रेशनकार्डवाल्यांनाच मिळते, तुम्ही अनामत भरा,’ असे खिडकीवर सांगण्यात आले. हे खरे आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, ताई. खिडकीवर आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली गेली. माहीमचे हिंदुजा किंवा पेडर रोडवरील जसलोक यांसारखी मुंबईतील अनेक मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यासांची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली २००६ची योजना यांनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेले निर्धन, तर ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल घटकांत मोडतात. म्हणजे आपले कुटुंब दुसऱ्या गटात बसते. आपले रुग्णालय न्यासाचे आहे की कंपनीचे, एवढे मात्र आधी पाहा, कारण कंपनीच्या रुग्णालयाला ही योजना लागू नाही.

दुर्बल घटकांतील रुग्णाला उपचार मोफत मिळत नाहीत, सवलतीत मिळतात. खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा यांचे पैसे लागत नाहीत. बाकीचे बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने होते. औषधे आणि शरीरात बसवायच्या वस्तू रुग्णालयाच्या खरेदी किमतीनेच लावायच्या असतात आणि त्यांचा निम्मा भार तरी आपल्याला उचलावा लागतो. हृदयशस्त्रक्रियेत खर्च फुगतो तो बहुधा येथेच, त्यामुळे अंदाजपत्रक घेताना हा भाग वेगळा लिहून मागा.

यापुढे खिडकीशी वाद घालू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन थेट रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. पात्रता तपासण्याचे काम त्यांचे आहे. अर्ज लेखीच द्या आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घ्या. पुष्कळ नातेवाईक तोंडी नकार ऐकून परततात आणि दागिने गहाण टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. खाट नाही असे उत्तर मिळाले, तर तेही लेखी मागा आणि त्या कागदासह वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. दरम्यान सासऱ्यांची प्रकृती एकाएकी बिघडली, तर अनामतीसाठी थांबू नका. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणे योजनेनुसार रुग्णालयावर बंधनकारक आहे.