संडास बांधताना गवंड्याला काय सांगायचं?

प्रश्न: ताई, आम्ही जत तालुक्यातले. सासरे पॅरालिसिसनंतर व्हीलचेअरवर आहेत. अंगणातल्या संडासला तीन पायऱ्या आणि दार इतकं अरुंद की खुर्ची आत जातच नाही, दोघं मिळून उचलून नेतो. आता नवीन बांधतोय, घरात वयात आलेली मुलगीपण आहे. गवंडी म्हणतो नेहमीसारखंच बांधू. काय सांगू?

उत्तर: नेहमीसारखं अजिबात नको! पायऱ्यांऐवजी उतार करा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणून जोतं शक्य तितकं कमी ठेवा नाहीतर रॅम्प अंगणभर होईल. दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं आणि मग मदत करायला कुणी जाऊच शकत नाही. खुर्ची वळायला आत पाच बाय पाच फूट मोकळी जागा, कमोड साधारण दीड फूट उंच, शेजारी धरून उठाबसायला विटांच्या भिंतीत पक्का बसवलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. पत्र्याच्या भिंतीवर तो टिकणार नाही. फरशी खरखरीत घ्या, ग्लेझ्ड टाइल्स नकोच.

मुलीसाठी आतच नळ, कपडे अडकवायला हुक, पॅड ठेवायला फळी, झाकणाचा डबा (पॅड भांड्यात टाकलं की तुंबतं). कडी आतून, पण सासऱ्यांचा हात पोचेल इतकी खाली. आणि वाटेवर दिवा लावाच.

स्वच्छ भारत ग्रामीणचे १२,००० रुपये पात्र कुटुंबालाच मिळतात आणि एवढ्या कामाला ते पुरणार नाहीत, तरी ग्रामपंचायतीत विचारा. आणि सासऱ्यांना खुर्चीसकट जागेवर नेऊन, खडूने आखून, त्यांना विचारूनच पाइपची उंची ठरवा.