धोंड्याचा महिना संपेपर्यंत थांबू नका

फैजपूरजवळच्या एका गावातून निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलं आहे. २०२४ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), म्हणजे १० मे रोजी, त्यांनी नव्या घरात गृहप्रवेश केला. दिवे, पंखे, गच्चीवरच्या टाकीचा पंप हे सगळं रिमोटवर आणि वेळ लावून चालावं म्हणून त्यांनी १,८५,००० रुपयांची यंत्रणा बसवून घेतली. वेगळी वायर ओढायची नाही, भिंती फोडायच्या नाहीत, घरातल्या आहे त्याच वायरिंगमधून संदेश जातो, असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. जूनपासून दिवे मध्यरात्री आपोआप लागू लागले. बसवणारा दिवाळीपर्यंत तीन वेळा येऊन गेला. १४ फेब्रुवारी २०२५ ला कंपनीचा मेल आला: दोष तुमच्या वायरिंगचा आहे, हमीत बसत नाही. मार्चमध्ये पंप रात्रभर कोरडा फिरून जळाला. गुरुजींनी चार प्रश्न विचारले आहेत: दोष खरंच वायरिंगचा आहे का, शेजारच्या चुलतभावावर पोलीस तक्रार करावी का, ग्राहक तक्रार कुठे करायची आणि किती दिवस लागतील. शेवटी लिहिलं आहे, "सध्या धोंड्याचा महिना आहे. तो १५ जूनला संपला की चांगला दिवस पाहून तुमच्याकडे येतो."

गुरुजी, तुमच्या चारही प्रश्नांपेक्षा हे शेवटचं वाक्य मला जास्त काळजीचं वाटलं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ वाचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली नाही, तर ग्राहक आयोग ती स्वीकारू शकत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरीसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात, तेव्हाच्या जुन्या कायद्यातल्या अशाच कलमावर, हे स्पष्ट केलं आहे: मुदत आधी आयोगाने स्वतः तपासायची, मग बाकीचं. तुमची बाजू कितीही खरी असली, तरी दाराशीच अडली तर ती ऐकायलाच कुणी नसतं.

तुमची दोन वर्षं कधी सुरू झाली? तुम्ही पत्रासोबत भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानाचा फोटो पाठवला आहे. जून २०२४. दुधाच्या हिशेबाच्या शेजारी निळ्या शाईत तुमच्या अक्षरात लिहिलंय: "दि. २४, रात्री २.१०, हॉलचे तिन्ही दिवे आपोआप." हे पान तुमचा फार चांगला पुरावा आहे, कारण ते त्या वेळी, भांडणाचा विचारही नसताना लिहिलेलं आहे. पण त्याच पानावर तुमची मुदतही लिहिली गेली आहे. दोष पहिल्यांदा दिसला तो दिवस धरला, तर २४ जून २०२६ ला दोन वर्षं पूर्ण होतात. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरलेले असतील.

तुम्ही म्हणाल, कंपनीने नकार दिला तो १४ फेब्रुवारी २०२५ ला, मग दोन वर्षं तिथून का मोजायची नाहीत? तसा युक्तिवाद करता येतो. हमी एक वर्षाची होती, त्या काळात दुरुस्ती चालू होती, नकार आला तेव्हा वाद उभा राहिला, असं म्हणता येतं. पंप जळाला ती तारीख आणखी वेगळी. आयोग हे मान्य करेलही. पण "करेलही" यावर १,८५,००० रुपये लावू नका. तक्रारीत दोन्ही तारखा मांडायच्या, आणि दाखल मात्र पहिल्या तारखेच्या हिशेबाने करायची.

आणि एक गैरसमज मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, तो मनातून काढून टाका. बसवणाऱ्याला फोन केले, मेल पाठवले, वकिलाची नोटीस दिली, त्याने "पावसाळा संपला की येतो" असा शब्द दिला, यातल्या कशानेही मुदत पुढे सरकत नाही. नोटीस देणं या कायद्यात सक्तीचंही नाही. सोलरचे पॅनल, पाण्याचं फिल्टर, कॅमेरे, इन्व्हर्टर, वस्तू कुठलीही असो, माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात हीच गोष्ट असते: दीड वर्ष फोन, सहा महिने रुसवा, आणि मग वकील. तुम्ही तर आयुष्यभर मुलांना अर्ज वेळेत भरायला शिकवलंत. २०२५ च्या फेब्रुवारीत मेल आला त्याच आठवड्यात तुम्ही आला असतात, तर आज तारखांचा हा काथ्याकूट करावा लागला नसता.

उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. धोंड्याचा महिना हे पुरेसं कारण ठरणार नाही. लेकी-जावयांना धोंड्याचं जेवण जरूर घाला. तक्रार मात्र याच महिन्यात दाखल करा. २३ जून ही शेवटची तारीख धरा, आणि खरं तर १० जूनच्या आत काम उरका. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, पण शेवटच्या रात्री फाइल चढली नाही तर कुणाला दोष देणार?

आता तुमच्या यंत्रणेबद्दल, कारण कंपनीचा सगळा बचाव "वायरिंगचा दोष" या दोन शब्दांवर उभा आहे आणि तुमच्याच पत्रात त्याचं उत्तर आहे. तुम्ही ते दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिलंत आणि जोडलं नाहीत.

वायरिंगमधून संदेश पाठवण्याची ही पद्धत जुनी आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने एक्स-१० नावाने ती आणली. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिची लाट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते. त्या शून्याच्या क्षणाला धरून १२० किलोहर्ट्झचा, एक मिलिसेकंदाचा झटका वायरमध्ये सोडतात. झटका आहे किंवा नाही, यावरून संदेश बनतो. तुमच्या माहितीपत्रकावर १२० किलोहर्ट्झ छापलेलं आहे, तेव्हा तुमची यंत्रणा याच कुळातली. या पद्धतीत प्रत्येक घराला एक अक्षर देतात, १६ पैकी एक, आणि प्रत्येक उपकरणाला १६ पैकी एक आकडा. एकूण पत्ते २५६. उपकरणाला जोडलेल्या प्रत्येक डबीवर दोन छोट्या डायल असतात, स्क्रूड्रायव्हरने फिरवता येतात. कारखान्यातून येताना त्या ए आणि १ वर असतात.

वायरमधला संदेश तुमच्या उंबरठ्यावर थांबत नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरच्या एकाच फेजवर असलेल्या शेजारच्या घरात तो जाऊ शकतो. म्हणून दोन घरांची अक्षरं वेगळी ठेवायची असतात आणि गरज पडली तर मीटरपाशी संदेश अडवणारं फिल्टर बसवायचं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या हॉलच्या डबीची डायल ए वरच आहे. आणि पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की शेजारच्या चुलतभावाने त्याच माणसाकडून तीच यंत्रणा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बसवून घेतली. तुमचे दिवे आपोआप लागले ते २४ जूनच्या रात्री. चुलतभाऊ रात्री दोनला केळीला पाणी द्यायला उठतो, अंगणातला दिवा रिमोटने लावतो, आणि तुमचा हॉल उजळतो. त्याच्याही डबीवर ए असेल, तर कोडं जवळपास सुटलं.

तसं निघालं, तर हा वायरिंगचा दोष नाही. बसवणाऱ्याने अर्ध्या मिनिटाचं काम केलं नाही, याला कायद्यात सेवेतील त्रुटी म्हणतात. तीन वेळा येऊनही त्याने डायलकडे पाहिलं नाही, याचा मला राग येतो. इन्व्हर्टरवर काही खोल्या चालतच नाहीत आणि वरच्या मजल्यावर संदेश कधी पोचतो कधी नाही, या तक्रारींबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. तीन फेजचं कनेक्शन असेल तर एका फेजवरचा संदेश दुसऱ्या फेजवर जाण्यासाठी मध्ये कपलर लागतो. टीव्ही, चार्जर, एलईडीचे ड्रायव्हरही संदेश शोषतात किंवा गढूळ करतात. हे त्याने आधी सांगायला हवं होतं, पण ते सिद्ध करायला तज्ज्ञ लागेल.

म्हणून एकही डबी काढू नका. तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिशियन सगळं उपटून साधे स्विच बसवायला तयार आहे. त्याला थांबवा. कलम ३८ प्रमाणे वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा आदेश आयोग देऊ शकतो, अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो, आणि तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. भंगारात गेलेल्या डब्या कोण तपासणार? जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्युत विभागाच्या एखाद्या प्राध्यापकांनी जागेवर येऊन लेखी अहवाल दिला, तर तक्रारीला चांगलं बळ येईल. आयोग त्याला किती वजन देईल ते आयोगावर.

तुमचा दुसरा प्रश्न, चुलतभावावर "घर हॅक केल्याची" पोलीस तक्रार करावी का? मुळीच नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ला अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. तो बिचारा स्वतःचा दिवा लावत होता. बांधावरून तुमचं तीन वर्षं बोलणं बंद आहे, हे मी वाचलं. पण या प्रकरणात तो आरोपी नाही, तुमचा सगळ्यात मोलाचा साक्षीदार आहे. त्याच्या घरीही काही ना काही आपोआप लागत असणार, कारण संदेश दोन्हीकडून जातो. त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या. त्याला स्वतःची तक्रार करायची असेल तर त्याचीही दोन वर्षं संपत आली आहेत, तेही सांगा.

बिलामागे "न्यायक्षेत्र पुणे" छापलंय म्हणून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे जळगावला, तक्रार चालते, मराठीत चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. महावितरणला यात ओढू नका. व्होल्टेजचं कारण बसवणाऱ्याने पुढे केलं आहे, ते सिद्ध करणं त्याचं काम. बसवणारा आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत राहतील. गृहप्रवेशाच्या गर्दीत "काम समाधानकारक" या कागदावर तुम्ही न वाचता सही केलीत. ती नडेल, पण त्यानंतर दिसलेल्या दोषाला ती झाकू शकत नाही.

खरी अडचण १,८५,००० पैकी ६२,००० ची आहे, जे तुम्ही मजुरी म्हणून रोख दिलेत आणि पावती घेतली नाहीत. बँकेतून त्या दिवशी रक्कम काढल्याची नोंद आणि "बाकीचे मिळाले, धन्यवाद गुरुजी" हा बसवणाऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप, एवढंच आज हातात आहे. तो निरोप फोनमधून पुसू नका, फोन बदलू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडू. पंपाच्या रिवाइंडिंगच्या ३,८०० रुपयांचं बिल जोडाच. ते पैसे पदरात पडतील की नाही, यावर मी आज शब्द देत नाही.

आणि किती दिवस लागतील? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. माझ्या अनुभवात ही मुदत क्वचितच पाळली जाते. तारखा पडतात, सदस्याची जागा रिकामी राहते, सामनेवाल्याचा वकील आजारी पडतो. एका बाबतीत मात्र बोट ठेवता येतं. समोरच्याने लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं, फार तर आणखी १५, त्यापुढे नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला ठरवून दिलंय. नोटीस त्यांच्या हाती पडल्याची तारीख लिहून ठेवा, दिनदर्शिकेवर ठेवता तशीच.

येत्या रविवारी चुलतभावाकडे जा. दोघांच्या सगळ्या डब्यांच्या डायलचे फोटो काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. अक्षर बदलून पाहण्याचा मोह होईल, दिवे लगेच शांत होतीलही. पण तक्रार दाखल होऊन तज्ज्ञ पाहून जाईपर्यंत एकाही डायलला हात लावू नका. तोवर पंपाचं प्लग रात्री काढून ठेवत जा.