पहिलं मत टाकण्याआधी

पोरी, पहिल्यांदाच मत देतेयस ना? सभेची गर्दी बघून ठरवू नकोस. बरीचशी ट्रॉलीतनं आणलेली असते. आधी उमेदवाराचं शपथपत्र काढ, नमुना २६. निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट मिळतं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात लिहावं लागतं. मी मागच्या वेळचं नि या वेळचं शेजारी ठेवून वाचतो. जमीन किती वाढली, देणी कुणाची. गुन्हा दिसला तर कलम बघ; ऊसदराच्या आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा वेगळा, फसवणुकीचा वेगळा.

मग आठव, २०१९ च्या महापुरात कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा हा माणूस कुठं होता? जतकडं पाहुणे असतील तर म्हैसाळ योजनेच्या (कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी भागात नेणाऱ्या) पाण्याचं विचार, तिथली माणसं तोंडावर सांगतात. आणि गटार हे नगरसेवकाचं काम, खासदाराचं नव्हे. आमच्या गल्लीत हा घोळ दर वेळी होतो.

भावकीचा आग्रह होईलच. चहा घे, मान हलव. मत गुप्तच असतं. कुणीच पटलं नाही तर २०१३ पासून मतयंत्रावर ‘नोटा’ म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हे बटण आहे. मी तो एकदाच दाबला, नि नंतर चुटपुट लागून राहिली.