आर्म्सचं रजिस्टर हाती घेताना

चि. यास अनेक आशीर्वाद.

ठाण्यातलं शस्त्र परवान्यांचं काम तुझ्याकडे आल्याचं समजलं. या टेबलावर कोणी हौसेनं बसत नाही. गुन्हा उघड केल्याचं नाव नाही की बातमीत फोटो नाही, आणि वर्षातून दोनदा सगळ्यांना एकदम घाई सुटते ती वेगळी. पण हे काम ज्याला जमलं त्याच्या हद्दीत परवानाधारक स्वतःहून ठाण्याची पायरी चढतो. ते कसं साधतं, तेवढंच लिहितो.

सुरुवात कागदापासून कर. तुझ्या ठाण्याचं रजिस्टर, जिल्हाधिकारी कार्यालयाची यादी आणि शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधली युनिक नंबरची (प्रत्येक धारकाला मिळालेल्या क्रमांकाची) यादी शेजारी शेजारी ठेव. तिन्ही जुळणार नाहीत, हे धरूनच चाल. खानदेशात न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. नंदुरबार जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या जुन्या परवान्यांवर धुळ्याचे नंबर दिसतात. ठाण्यांची हद्द बदलली की अर्धी गावं एका रजिस्टरात आणि अर्धी दुसऱ्यात राहतात. कोणी सुरतला जाऊन वीस वर्षं झाली, नाव मात्र इथंच. आणि सगळ्यात मोठा गठ्ठा मयतांचा. युनिक नंबरच नसलेला परवाना आजघडीला वैध धरत नाहीत, म्हणून असे परवाने आधी बाजूला काढ.

मयताच्या घरी जाताना आवाज चढवून जाऊ नकोस. म्हातारी सांगेल, ‘बंदूक घरमाच शे, भाऊ,’ आणि ते खरंच असतं. कोठीत, धान्याच्या पोत्यांमागं, फडक्यात गुंडाळलेली. ती बेकायदा आहे हे त्या घराला ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालंच तर भीती वाटते की ठाण्यात दिली म्हणजे गेली. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. जमा केलं म्हणजे जप्त झालं असं नाही, हे बसून समजावून सांग. पावती त्याच दिवशी दे आणि वारसाच्या अर्जाचा कागद सोबतच हातात दे. 2016 च्या शस्त्र नियमांत आणखी एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते: धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. गावातल्या सत्तरीच्या धारकांची यादी करून हे पोलीस पाटलामार्फत कळव. पुढची दहा वर्षं मयतांचा गठ्ठा वाढणार नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. शस्त्र आधी स्वतः हातात घेऊ नकोस, धारकालाच उघडायला सांग. नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, माणसाकडे कधीच नाही. बारा बोअरची डबल बार, म्हणजे दुनळी, असेल तर नळ्या उघडायची कळ सरकवून ती मोडली, म्हणजे नळ्या खाली झुकवल्या, की दोन्ही नळ्या आरपार दिसतात. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागे ओढून चेंबर पाहायचं. हा क्रम उलटा झाला की स्लाइड सुटताना मॅगझिनमधली गोळी पुन्हा चेंबरमध्ये चढते आणि पिस्तूल ‘रिकामं’ समजून फिरवलं जातं. सर्वांत फसवी म्हणजे ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक, कारण ती मोडून पाहता येत नाही. तिचा दारू ठासायचा गज नळीत जाईल तितका आत सोडायचा, तोंडाशी बोटानं खूण धरायची आणि तीच खूण तोंडाशी ठेवून गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. गजाचं टोक नळीच्या तळापासून चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत दारू ठासलेली आहे. असं शस्त्र जमा करून घेऊ नकोस आणि दारूला पेट देणाऱ्या टोपीला हात लावू नकोस, जाणत्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, बोलाव.

नंबर वाचताना घाई नको. डबल बारचा नंबर नळीच्या खाली आणि चापाच्या बाजूच्या लोखंडावर असतो. दोन्हीकडचा जुळला पाहिजे. गंजानं किंवा घासून अस्पष्ट झाला असेल तर ‘अस्पष्ट’ असंच लिही, अंदाजानं आकडा भरू नकोस. 0 आणि 6, 1 आणि 7 यांच्या चुका एका रजिस्टरातून दुसऱ्यात उतरत जातात आणि मग प्रामाणिक माणसाचं शस्त्र कागदावर ‘दुसरंच’ ठरतं. जुन्या परवान्यावर तीन शस्त्रं दिसली तर थांब. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कमाल मर्यादा दोनची आहे. परवान्याची मुदत मात्र त्याच दुरुस्तीनं तीनवरून पाच वर्षांवर गेली. पाच वर्षं हा विसरायला भरपूर काळ असतो, म्हणून मुदत संपण्याच्या तीन महिने आधी बीट अंमलदाराकडून निरोप दे.

काडतुसांचा हिशेब साधा आहे. मागची शिल्लक, विक्रेत्यानं परवान्यावर नोंदवलेली खरेदी, त्यातून झाडलेली वजा. उरतील तेवढी समोर दिसली पाहिजेत. एका वेळी किती आणि वर्षात किती, हे दोन्ही आकडे परवान्यावरच लिहिलेले असतात. झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या जपून ठेवायची सवय लाव, वाद उरत नाही. कमी पडली की ‘पाहुण्याला दिली’ हे उत्तर सर्रास येतं, आणि ती गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याला काडतूस कुठून तरी लागतंच.

केळीच्या पट्ट्यात, रावेर, यावल, चोपड्याकडे, पिकाच्या राखणीसाठीचे परवाने भेटतील. इथं दोन गैरसमज घट्ट बसलेले आहेत. पहिला, राखणीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा. तसं नाही, त्याला वन विभागाची वेगळी परवानगी लागते. दुसरा आपल्या लोकांचा: शस्त्र फक्त पोलीस आणि महसूल यांचा विषय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 चं कलम 34 वाच. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन विभागाकडे नाव नोंदवावं लागतं, आणि तिथं नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं तुझ्याच भागातली. नव्या अर्जावर अहवाल पाठवताना हे अंतर लिहिलं नाही तर कागद महिनाभर फिरून तुझ्याकडेच परत येतो.

बँकेच्या आणि सराफाच्या दारावरचे रखवालदार वेगळे तपास. पुष्कळांचे परवाने परराज्यातले असतात. युनिक नंबर टाकून पाहा, कार्यक्षेत्र जिल्ह्यापुरतं, राज्यापुरतं की देशभर ते वाच, आणि इथं राहायला आल्याची खबर त्यानं दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना दिली का ते विचार. मालक सहसा म्हणतो, एजन्सीनं पाहिलंय. एजन्सी म्हणते, मालकानं.

निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याची धांदल उडते. सरसकट सगळ्यांची जमा करा असा आदेश न्यायालयात टिकत नाही. छाननी समिती माणूस पाहून ठरवते: जामिनावर सुटलेला, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेला, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेला. समितीला लागतो तो तुझा अहवाल, म्हणून नावापुढं नुसतं ‘शिफारस’ न लिहिता कारण लिही. जमा करताना नळीला तेलाचा हात, शस्त्राला चिठ्ठी, काडतुसं मोजून वेगळी, आणि दस्त्याला तडा किंवा ओरखडा असेल तर तो पावतीवर. दोन महिन्यांनी ‘माझी बंदूक अशी नव्हती’ म्हणत माणूस आला की पावतीच बोलते. निकालानंतर परत देण्याची तारीख चुकवू नकोस. एकदा महिनाभर हेलपाटे घातलेला शेतकरी पुढच्या वेळी पहिल्या निरोपाला येत नाही.

लग्नसराई आणि यात्रा यांच्या आधी एक फेरी मारच. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार इथं खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, ही परवान्याचीच अट आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा मिरवायला हरकत नाही, कमरेला पिस्तूल नको. वरातीत हवेत गोळी झाडली तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाच्या बापाला हे हळदीच्या आधी सांगितलेलं बरं. दसऱ्याला शस्त्रपूजन घरात होऊ दे. स्टेटसवर फोटो टाकणाऱ्याला मात्र बोलावून घे, कारण घरात काय आहे हे तो चोराला सांगतोय. त्याच कारणानं तुझी यादीसुद्धा कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

राहिली कारवाई. पत्ता कळवायचा राहिला, नूतनीकरणाचा अर्ज उशिरा आला, अशा चुकांना लेखी समज दे आणि त्याची स्टेशन डायरीत नोंद घे. अटीचा भंग शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 मध्ये बसतो: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धारकावर मारहाणीचा किंवा धमकीचा गुन्हा दाखल झाला, किंवा शांतता राखण्याचा बाँड घेतला गेला, तर त्याच आठवड्यात अधीक्षकांमार्फत जिल्हादंडाधिकाऱ्यांना अहवाल जाऊ दे. त्यासाठी रोजचे एफआयआर आणि परवाना रजिस्टर जुळवून पाहणारा एक माणूस नेम. हे काम कोणाचंच नसतं, म्हणून ते होत नाही. परवाना निलंबित किंवा रद्द करणं कलम 17 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांचं काम, आणि धारकाला अपील नाशिकला विभागीय आयुक्तांकडे करता येतं. तुझ्या अहवालात तारीख, गुन्हा नंबर आणि नेमकं कारण नसेल तर आदेश तिथंच गळतो. विनापरवाना शस्त्राचा कलम 3 चा खटला असेल तर दोषारोपपत्राबरोबर कलम 39 ची मंजुरी लाव. ती राहिली म्हणून बऱ्यापैकी उभे राहिलेले खटले पडतात.

पहिली फेरी डोंगराकडच्या गावांतून सुरू कर. पावसाळ्यात तिकडचे रस्ते तुटतात आणि ठासणीच्या बंदुकाही तिकडेच जास्त आहेत.

तुझा शुभचिंतक